पत्ता फिलूबायचा, बुकिंग देवबागला

मंडळी, आज मालवणात घरी बसल्या बसल्या मोठी फजिती टळली, म्हणून लगेच लिहितेय.

किनाऱ्यावरच्या घरगुती लॉजिंगसाठी मी साइट केलीय. प्रत्येक घराला स्वतःचं सबडोमेन, म्हणजे एकाच साइटवर आपल्या नावाचा वेगळा पत्ता. उद्या ती सुरू होतेय. एकेका पत्त्याच्या स्वयंचलित चाचण्या पास झाल्या होत्या.

सकाळी शेजारच्या फिलूबाय आल्या. त्यांच्याही खोल्या साइटवर आहेत. त्यांना दाखवायला मी नवी चाचणी लावली: ब्राउझरने आधी साइटवरच्या देवबाग गावातल्या एका घरी खोली बुक करायची, मग तिथूनच फिलूबायच्या पत्त्यावर जाऊन त्यांची. आपोआप भरणारी पानं बघून त्या म्हणाल्या, "ह्यां कोण चालयता गो?"

चाचणी फेल झाली. फिलूबायच्या पत्त्यावर केलेलं बुकिंग देवबागच्या घरात जमा झालं होतं. पत्ता बदलला तरी साइट आधीचंच घर धरून बसली होती.

"म्हणजे पावणे माझ्या दारात इले, तरी माका खबर नाय?"

खोल्या आधीच भरलेल्या घरासमोर मुलंबाळं आणि बॅगा घेऊन उभं असलेलं कुटुंब माझ्या डोळ्यांपुढे आलं.

फिलूबाय तिथेच बसून राहिल्या. साइटने प्रत्येक पानावर घर पत्त्यावरूनच ओळखावं, असा बदल मी केला. दुपारी सगळ्या चाचण्या पास झाल्या. "आता माका खोली झाडूक होयी," म्हणत त्या उठल्या, तेव्हा कुठे मला भूक लागल्याचं कळलं.

तुमच्या चाचण्या एकाच पत्त्यावर थांबतात, की शेजारच्या घरीही जाऊन येतात?