स्टिअरिंगमधली लोखंडी डबी

तिच्या मानेतून रक्त येत होतं आणि मी पदराचा बोळा करून दोन्ही हातांनी दाबून धरला होता. ती म्हणजे माझी सून. गाडी ती चालवत होती, मी तिच्या बाजूला बसले होते. सकाळची वेळ, खंडवा रोड, सिमरोलच्या अलीकडे. पुढच्या लोडिंग रिक्षाने एकदम ब्रेक मारला आणि आमची गाडी तिच्यावर जाऊन आदळली. टक्कर फार मोठी नव्हती. आमचा बंपर दबला, एक लाइट फुटला. रिक्षातल्या कोथिंबिरीच्या जुड्या रस्त्यावर पडल्या, एवढंच.

रिक्षावाला उतरला तो भांडायलाच. "मॅडम, देखके नहीं चला सकते क्या," म्हणत खिडकीशी आला आणि आत बघून माणसांना हाका मारायला लागला.

गाडीत पांढरी धूळ उडत होती, फटाके उडवल्यासारखा वास येत होता. टक्कर झाली की समोरून फुगे उघडतात, तसे दोन्ही उघडले होते. माझ्यासमोरचा फुगा आता रिकामा होऊन लोंबत होता. मला त्याने छातीवर फटका दिला, चष्मा उडवला, बस. तिचा फुगा मधोमध फाटला होता. स्टिअरिंगच्या मध्ये भोक पडलं होतं.

माणसं जमली. "इतनी सी टक्कर में इतना खून?" कोणी तरी म्हणालं. दुसरा एक जण ओरडला, "भिया, वीडियो बाद में बनाना, पहले दरवाजा खोलो!"

ती शुद्धीवर होती. बोलायला गेली की रक्त जास्त यायचं. मी म्हटलं, "बोलू नको. माझ्याकडे बघ." ती बघत राहिली. दवाखाना येईपर्यंत रक्त दाबून ठेवायचं, दुसरं काही माझ्या हातात नव्हतं. एका जीपवाल्याने आम्हाला मागच्या सीटवर घेतलं आणि इंदूरकडे गाडी वळवली. मी हात काढला नाही. भंवरकुआंच्या चौकात गाड्या अडल्या तेव्हा जीपवाल्याने हॉर्नवरचा हात काढला नाही.

ती गाडी माझ्या जेठांची, म्हणजे थोरल्या दिरांची होती. आमची सासरची माणसं मूळ महूची. सासऱ्यांचे वडील पलटणीत होते, जेठही फौजेत नोकरी करून आले. मोतीबिंदूनंतर त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि किल्ली माझ्या मुलाच्या हातात दिली. म्हणाले, "घरातली गाडी घरातच राहू दे." सून सिमरोलच्या कॉलेजच्या ऑफिसात कामाला जायची, बसने तिचे हाल व्हायचे. गाडी तिलाच झाली.

नाव बदलायचं कोणी बोललं नाही. आमच्याकडे मोठ्या माणसाने काही दिलं की कागद मागत नाहीत. मागितला तर त्यांना वाटतं, आपल्यावर भरवसा नाही. सुनेने एकदा विषय काढला होता. मुलगा म्हणाला, "मोठे बाबांना सही करा म्हणू? जीव घेतील माझा." विषय संपला. गाडी आमच्या दारात आणि कागदावर महूचा पत्ता, महूचा फोन.

गाडीच्या कंपनीचे मेसेज त्या फोनवर जात होते.

हे आम्हाला माहीत नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. बुद्धपौर्णिमेला सगळे महूला जमलो होतो. विहारातून येऊन जेवायला बसलो आणि जेठ म्हणाले, "तुमच्या गाडीवाल्यांनी डोकं खाल्लंय माझं. म्हणतात, गाडी घेऊन या, फुगा बदलून देतो. फुकट!"

मुलगा म्हणाला, "फुकट? मग दुसरं काही तरी गळ्यात बांधत असतील."

"तेच तर. मी म्हटलं, भाई, गाडी आता माझ्याकडे नाही, भतीजा चालवतो. ठेवला फोन."

सून खीर वाढत होती. ती म्हणाली, "मोठे बाबा, गाडीचा बर्थडे असेल. फुगे लावून देत असतील."

सगळे हसले. जेठांना तर ठसका लागला. मीही हसले. फुगा हा शब्द ऐकून कोण घाबरणार? दिवाळीत घर झाडतो तेव्हा गाडीही दाखवून आणू, असं मुलगा म्हणाला. मग खीर दुसऱ्यांदा आली.

दवाखान्यात तिला आत घेतलं तेव्हा एका बाईने माझी बोटं एकेक करून सोडवली. ती आपोआप उघडत नव्हती. थोड्या वेळाने डॉक्टर स्टीलच्या ट्रेमध्ये एक तुकडा घेऊन बाहेर आले. काळा, वाकडा, डब्याच्या झाकणाचा कोपरा कापावा तसा. "हे मानेत होतं. गाडीत काही धारदार ठेवलं होतं का?"

मी म्हटलं, "डबा होता तिचा. प्लास्टिकचा."

मग पोलीस आला. त्याला टक्कर पटत नव्हती. एवढ्याशा धडकेत गळा कसा चिरतो, असं त्याला वाटत होतं. माझ्या लुगड्याकडे बघून त्याने विचारलं, "अम्माजी, सास-बहू में कुछ हुआ था क्या?"

मी म्हटलं, "हुआ था. आज सकाळीच. पोळ्या जाड केल्या म्हणून मी बोलले, तीही बोलली. मग मला बहिणीकडे सिमरोलला सोडते म्हणाली आणि गाडीत घेतलं. आता लिहा काय लिहायचं ते."

त्याने काही लिहिलं नाही. पाणी आणून दिलं.

दुपारी जेठ महूहून आले. मुलगा आधीच आला होता, त्याने त्यांना सगळं सांगितलं. टक्कर, फुगा, तो तुकडा. ते बाकावर बसले. मग म्हणाले, "मी सांगितलं होतं ना रे, फुग्याचं."

सांगितलं होतं. मुलाने मान हलवली.

पुढे कंपनीची माणसं आली, गाडी बघून गेली. त्यांच्याकडून मला जे कळलं ते मी इथे लिहिते, कारण तुमच्या दारातही गाडी असेल. फुग्यामागे एक लोखंडी डबी असते. तिच्यात मसाला भरलेला असतो. तो पेटला की वारा तयार होतो आणि फुगा फुगतो. काही गाड्यांत हा मसाला वर्षानुवर्षं उन्हाने आणि दमट हवेने खराब होतो. मग तो पेटतो तेव्हा डबीच फुटते आणि तिचे तुकडे समोर बसलेल्या माणसाच्या अंगात जातात. आधी काही आवाज येत नाही, लाल दिवा लागत नाही. गाडी छान चालते. आमची छानच चालत होती.

म्हणून कंपनी गाड्या परत बोलावते. डबी बदलून देते आणि खरंच पैसे घेत नाही. पण बोलावते त्याला, ज्याचं नाव कागदावर आहे. जुनी गाडी घेतली असेल, भावाने दिली असेल, सासऱ्याने दिली असेल, तर नाव आणि फोन नंबर बदलून घ्या. मोठ्यांना राग आला तर येऊ द्या. मेसेज खोटा वाटला तर त्यातला नंबर लावू नका, स्वतः कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जा. गाडीच्या कागदावरचा चेसिस नंबर सांगितला की ते बघून सांगतात. कंपनीच्या वेबसाइटवर तो नंबर टाकूनही कळतं, मला येत नाही, तुमच्या पोरांना येईल. बदलेपर्यंत गाडी चालवायची का, हेही तिथेच विचारा. फुगा स्वतः काढायला किंवा कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडून बंद करायला जाऊ नका. आणि ज्याला गाडी दिली त्याला मेसेज पुढे पाठवा, जेवताना गंमत म्हणून सांगू नका.

जेठांशी मी भांडले नाही. ते येतात, पाणी पितात, बसतात, जातात. त्यांच्या फोनवर मेसेज आला की आता ते मुलाला वाचायला देतात, कशाचाही असो.

त्या दिवशी दिवे लागायच्या वेळेला डॉक्टर परत बाहेर आले. या वेळी त्यांच्या हातात काही नव्हतं. त्यांनी आधी माझ्या मुलाला विचारलं, तुम्ही नवरा का, आणि त्याला बाजूला नेलं. मी उठले नाही. लांबूनच कळलं.

गाडीत आम्ही दोघी होतो. मी वाचले.