हौसाअक्का आणि त्यांचा विंचू

झाडाखाली आल्या की हौसाअक्का पहिल्यांदा हातातल्या हिरव्या बांगड्या काढायच्या. एकेक करून, काचेला धक्का न लावता. त्या रुमालात बांधून माझ्या पिकअपमध्ये ठेवायच्या आणि मग आमच्याकडे वळायच्या. "चला, उतरवा समदं." समदं म्हणजे घड्याळ, अंगठी, मनगटातला गंडा, खांद्यावरचा टॉवेल. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो नुसतं लाकूड भरून न्यायला. म्हटलं, "अक्का, मी गाडीतच बसणार. माझ्या अंगठीनं काय घोडं मारलंय?" तर म्हणाल्या, "गाडीत बसनारं मानूस हात लावायला आल्याबिगार ऱ्हात न्हाय. काढा." माझी अंगठी लग्नापासून बोटात रुतलेली. अक्कांनी गोडेतेल चोपडून ती पिळून काढली. अंगठी निघाली, बोटही निघतंय की काय असं वाटलं.

बारामतीत एका बंगल्याच्या मालकीणबाईंना त्यांचे ते रिकामे हात खटकले. "अहो, सवाष्ण बाई तुम्ही. बरं दिसतं का असं?" अक्कांना राग वगैरे काही आला नाही. दोराचं वेटोळं मोकळं करता करता म्हणाल्या, "दोरात बांगडी अडकली तर हात जाईल, वैनी. मग बांगडी घालायची कशात?" बाई चहा ठेवायला आत गेल्या. चहा मात्र फक्कड केला होता.

अक्का निरवांगीच्या. घरी पूर्वी मेंढरं होती. आता थोडी शेती आणि जोडीला हा झाडं फांदीफांदीनं कापून उतरवायचा धंदा. त्यांचे मालक, म्हणजे आमचे तात्या, मेंढरांना पाला पाडायला लहानपणापासून झाडावर चढलेले. आम्ही घरात जितक्या सहज वावरतो तितक्या सहज ते फांदीवर वावरत. घरावर वाकलेलं, विजेच्या तारांवर आलेलं झाड असलं की बारामतीपासून इंदापूरपर्यंत ह्या जोडीला बोलावणं यायचं. तात्या वर, अक्का खाली, आणि मधे विंचू.

विंचू म्हणजे विंच. बारामतीत एका फॅब्रिकेटरकडून अक्कांनी तो बनवून घेतला होता. लोखंडी पिंप, त्याला लांब दांडा, आणि सगळं प्रकरण जाड पट्ट्यानं झाडाच्या बुंध्याला आवळून बांधायचं. फांदीला बांधलेला दोर वरच्या कप्पीतून खाली यायचा, पिंपाला त्याचे वेढे पडायचे आणि दोराचं शेपूट अक्कांच्या हातात. दांड्यावरच्या माणसानं तो फिरवला की दोर ताणला जायचा, शेपूट सैल केलं की फांदी सावकाश खाली यायची. गावात विंचचा विंचू व्हायला कितीसा वेळ लागतो! अक्कांना ते नाव मनापासून पटलेलं. दांड्याकडे बोट दाखवून सांगायच्या, "ही ह्येची नांगी. खटका नीट बसल्याबिगार सोडली, तर उलटी फिरून हनुवटी फोडती."

त्यांचं शिकवणं असंच. "वजन आपुन धरायचं न्हाय, वेढ्यांनी धरायचं. आपुन नुसतं हळूहळू जाऊ द्यायचं." पिंपापासून हात लांब. दोराच्या वेटोळ्यात पाय नाही. ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही, तुटला तर तो त्याच वाटेनं येतो. आणि घट्ट पकड मिळावी म्हणून कुणी शेपूट हाताला गुंडाळलं, की अक्का काम थांबवायच्या. "दोर हाताला गुंडाळनाऱ्याला मी हात जोडते आन घरी लावते," म्हणायच्या. एकाला खरंच घरी लावलं होतं. तो त्यांचा सख्खा भाचा होता.

भिगवणला एक घरमालक मोबाईल घेऊन फांदीच्या बरोबर खाली उभा राहिला. त्याला व्हिडिओ काढायचा होता. अक्कांनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. मग दोर बांधून टाकला आणि बाजूच्या ओंडक्यावर ऐसपैस बसल्या. तात्या वर, आम्ही खाली, काम बंद. "काय झालं?" मालकानं विचारलं. "काय न्हाय. तुमचं शूटिंग होऊ द्या. आमाला घाई न्हाय." मालक ओशाळून लांब गेला. जाताना मला म्हणाला, बाई भारी आहे. मी म्हटलं, तुम्ही एकदाच भेटलात, आम्ही रोज भेटतो.

विंचवाइतकाच अक्कांचा भर शब्दांवर होता. काम सुरू झालं की फक्त तीन शब्द चालायचे. ताण, सोड आणि थांब. ताण आणि सोड हे तात्यांनी वरून म्हणायचं, अक्कांनी खाली सांगायचं. थांब मात्र कुणीही म्हणावं, अगदी रस्त्यानं जाणाऱ्यानंही. "सोडू नको" असं बोलायला सक्त मनाई. कारण वाऱ्यात "सोड" तेवढं ऐकू येतं आणि "नको" उडून जातं. आणि एक गंमत होती. तात्यांचं नाव तानाजी. आमच्याकडे "ताण" म्हणतानाही "तान" असंच ऐकू येतं. कुणी वर बघून "तानाजी" अशी हाक मारली, की दांड्यावरचा माणूस ताण देऊन मोकळा. म्हणून झाडाखाली ते नाव बंद. अक्कांचं त्यात काहीच अडत नव्हतं. लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलेलंच नव्हतं. घरी "अवं", झाडाखालीही "अवं". "ही रीत कुनी काढली म्हाईत न्हाय," त्या हसून म्हणायच्या, "पर आमच्या धंद्यात लई उपेगी पडली."

पण सगळा कारभार शब्दांवर, आणि तात्यांना ऐकू येणं कमी होत चाललं होतं. आयुष्यभर लाकूड कापायचा पेट्रोलचा कटर कानाशी घेऊन काढलेलं, दुसरं काय होणार? काहीही विचारलं तरी ते "व्हय" म्हणायचे. जेवलात का, व्हय. उद्या कुठं जायचंय, व्हय. अक्का कानाचं मशीन घ्यायला सांगून थकल्या. तात्यांचं एकच, "कानात मशीन घातल्यालं मानूस झाडावर चढल्यालं बघितलंय का कुठं? लोक कामाला बोलवायचं न्हाईत." ह्यावरून दोघांचं रोज वाजायचं. मी पिकअप चालवत ऐकायचो, एक बाजू ओरडायची आणि दुसरीला ऐकूच यायचं नाही. भांडण असं कधी संपतं का? अक्कांना वाटायचं आपण तात्यांच्या जवळच असतो, सांभाळून घेऊ. भीती त्यांना होतीच. काम नसलेल्या दिवशी त्यांचा चेहरा किती मोकळा असायचा, ते मी बघितलंय.

सणसरला एका घरावर वठलेली चिंच आली होती. एक जाडजूड फांदी थेट स्वयंपाकघराच्या पत्र्यावर. दांड्यावरचा नेहमीचा माणूस आजारी, म्हणून अक्कांनी मला धरलं. मी कुरकुरलो, अंगठी काढली, उभा राहिलो. घरातली सगळी माणसं बाहेर काढली. तात्यांनी फांदी बांधली, निम्मी कापली, कटर बंद केला आणि नेहमीसारखं विचारलं, "हाय का तयारी?"

तेवढ्यात घरातली सून मागच्या दारानं आत गेली. गॅसवर दूध ठेवलेलं तिला आठवलं होतं. अक्कांनी ते पाहिलं आणि वर ओरडल्या, "थांबा!"

तात्यांनी मान डोलावली आणि कटर सुरू केला.

त्या क्षणी आम्हाला कळलं, की हा माणूस उत्तरं ऐकतच नव्हता. कित्येक दिवस अंदाजानं काम चाललं होतं, आणि रोजचं उत्तर "व्हय" असल्यामुळं अंदाज बरोबर येत होता. अक्का पुन्हा ओरडल्या. कटर चालूच. आणि मग त्यांच्या तोंडून निघालं, "तानाजीऽऽ!"

मी काय ऐकलं? "तान." शिकवल्याप्रमाणे दांडा मारला. दोर करकरला, फांदी वरच्या बाजूला ओढली गेली आणि तो हिसका तात्यांच्या पायाखाली पोचला. त्यांनी कटर बंद करून खाली पाहिलं. अक्कांच्या एका हातात दोराचं शेपूट तसंच होतं. दुसरा हात उघड्या पंजानं वर. सून दुधाचं पातेलं घेऊन बाहेर आली आणि आमची तोंडं बघून म्हणाली, "काय झालं ओ?"

अर्धी कापलेली फांदी तशी सोडता येत नाही. दार बंद करून घेतलं आणि तात्यांना दिसतील अशा जागी उभ्या राहून नुसत्या हातानं खुणा करत ती फांदी खाली घेतली. पत्र्याला ओरखडा नाही. फांदी जमिनीला टेकल्यावर मात्र त्या मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मी अजून दांडा धरूनच उभा होतो.

तात्या उतरले. मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "तात्या, अक्कांनी तुमचं नाव घेतलं."

"माजं?" तात्या बघतच राहिले. "आन मला ऐकूच आलं न्हाय?" बायकोपाशी जाऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, "परत घे की."

"न्हाय," अक्का डोळे पुसत म्हणाल्या. "आदी कानाला मशीन. तवर न्हाय."

दुसऱ्या दिवशी तात्या आपण होऊन माझ्या पिकअपमध्ये येऊन बसले. "बारामतीला घे. कानाच्या डाक्टरकडं." वाटेत एवढंच म्हणाले, "सुनील, गाडी जरा दामटव की." आता झाडावर चढतो तो अक्कांनी घरी लावलेला भाचा. तात्या दांड्यावर असतात आणि मी माझ्या स्टेअरिंगवर, देव पावला.

अक्का मात्र सहजासहजी नाव घेणाऱ्यातल्या नव्हेत. मशीन बसलं तरी त्यांनी तात्यांना चांगलं ताटकळत ठेवलं. मग पुतणीच्या लग्नात बायकांनी त्यांना घेरलं. नाव घ्या, नाव घ्या. तात्या मांडवातून लोकांना बाजूला सारत पुढं येऊन उभे राहिले. अक्कांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या,

"दोराला दिला ताण, विंचवाला दिलं तेल,
तानाजीरावांच्या कानातला संपू नये सेल."

मांडव हसून लोळला. तात्या हसले नाहीत. सावकाश मशीन कानातून काढलं आणि खिशात घालता घालता म्हणाले, "बास. ऐकायचं हुतं ते ऐकलं."

"घाला ते परत कानात," अक्का म्हणाल्या. "आजून लई ऐकायचं हाय तुमाला."