मी करते तसं करा

“मॅडम, तुमी उष्टं उचला.”

मुख्याध्यापक हे बोलले तेव्हा मांडवात पहिली पंगत जेवत होती. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या आईची तेरवी होती. अध्यक्षांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. त्यांच्या घरी कार्य निघालं की शाळेला सुट्टी आणि मास्तर लोकांना ड्यूटी. असा कायदा कुठं लिहिलेला नाही. पण तो मोडायची कोणाची हिंमतही नाही.

कामं वाटून झाली होती. बुंदी, पोळी, वरण भाऊसाहेबांच्या भावकीतल्या शिक्षकांकडं. शेख सर बाहेर उन्हात, गाड्या लावायला. मी बौद्ध. माझ्याकडं उष्टं. कोणी जात काढली नाही. काढायची गरजच पडली नाही, काम बरोबर जागेवर येऊन बसलं.

मी एम.एस्सी. बी.एड. आहे. नववी-दहावीला विज्ञान शिकवते. मी पदर खोचला आणि वाकले.

हो, वाकले. कारण माझ्या पदाची मान्यता अजून यायची आहे. प्रस्तावावर अध्यक्षांची सही लागते. सही झाली की नोकरी पक्की. नाही झाली तर मी घरी. भाऊसाहेबांच्या खिशाला पेन कायम लावलेला असतो, पण माझ्या कागदापुरती त्याची शाई वाळलेली.

दुसरं कारण, मी थकले होते. भांडायला अंगात जीव लागतो. तो नव्हता.

वाशिमहून सकाळची एसटी पकडायची. केनवडच्या अलीकडं उतरायचं आणि शाळेपर्यंत पायी. माझे तास घ्यायचे, शिवाय भाऊसाहेबांच्या निवडणुकीच्या प्रचारात फिरणाऱ्या सरांचेही तास घ्यायचे. मधल्या सुट्टीत मोबाईलवर सरकारी माहिती भरायची. रेंज नसली तर गच्चीवर जाऊन भरायची. घरी पोहोचले की ग्रुपवर मेसेज, ‘तात्काळ पाठवा.’ उन्हाळ्यात लोक लग्नाला जातात, आम्ही दारोदार पोरं शोधत फिरतो. पट घटला की तुकडी जाते, आणि तुकडी गेली की मास्तर जातो.

माझा आवाज बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणाले, बोलणं कमी करा. शिक्षकाला म्हणे बोलणं कमी करा!

एक दिवस फळ्याकडं तोंड करून उभी राहिले आणि काय लिहायचं तेच आठवेना. खडू हातात. पाठीमागं अख्खा वर्ग. पोरं शंका विचारायला जवळ आली की छातीत धडधड सुरू व्हायची. ज्या पोरांसाठी या पेशात आले, त्यांचाच आवाज नकोसा झाला. हे सांगणार कोणाला? एसटी पुलावर आली की मनात यायचं, आत्ता पलटी झाली तर बरं होईल. मरायचं नव्हतं मला. नुसता पाय मोडावा. दवाखान्यात पडून राहावं आणि कोणी ‘तात्काळ’ म्हणू नये. एवढंच मागणं होतं. पाय मोडण्याची इच्छा करणारी बाई शहाणी की वेडी, ते तुम्ही ठरवा.

एकदा धीर करून मुख्याध्यापकांना सांगितलं. “सर, मले आता जमून नाही राह्यलं.”

ते हसले. “मॅडम, पंख्याखालची नोकरी हाये तुमची. काय जमत नाही? तुमच्या मायले विचारा, वावरात काय करा लागते ते.”

माझ्या मायला विचारायची गरज नव्हती. माझं माहेर कारंजाकडचं. गावात मोठ्या घरचं कार्य असलं की शेवटची पंगत उठेपर्यंत आई मांडवाबाहेर उभी असायची. मग आत जाऊन पत्रावळी उचलायची, टोपल्यात भरायची, उकिरड्यावर टाकायची. येताना पातेल्यात उरलेली भाजी आणि बुंदीचा चुरा आणायची. बुंदी आम्ही आनंदानं खायचो. आई खायची नाही. ती एवढंच म्हणायची, “तू शिक बाप्पा. तुह्या हाताले उष्टं लागू नाही.”

त्या दिवशी मांडवात ते माझ्या हाताला लागलं. थंड वरण, चघळलेल्या शेंगा, ओल्या पोळ्यांचे तुकडे. मी मनाशी म्हणत होते, एकच दिवस आहे. सही होऊन जाऊ दे.

शेवटची पंगत बौद्धपुऱ्याची. ती नेहमीच शेवटची असते. त्या पंगतीत पायल होती.

पायल माझ्या वर्गातली, नववीची. उन्हाळ्यात पोरं शोधत फिरताना मला ती सापडली. आठवीनंतर घरी बसली होती, आईबरोबर वावरात निंदायला जायची. आईचे पाय धरायचेच काय ते मी बाकी ठेवले होते. “माह्या भरवशावर पाठवा,” म्हटलं. आईनं पाठवलं.

आमच्या शाळेत प्रयोगशाळा आहे, पण तिच्यात भाऊसाहेबांच्या सतरंज्या ठेवलेल्या असतात. म्हणून मी घरून हळद, लिंबू, साबण घेऊन जाते. हळदीत भिजवून वाळवलेला कागद टेबलावर ठेवते आणि पोरांना म्हणते, “मी करते तसं करा.” मी कागदावर साबणाचं पाणी सोडते, कागद लाल होतो. मग पोरं करतात. पायल तर माझी हुबेहूब नक्कल. मी कागद जसा दोन बोटांत धरते तसाच ती धरते. मी फुंकर मारली की तीही मारते. आधी माझ्या हाताकडं टक लावून पाहते, मग स्वतःचा हात पुढं करते. सगळंच नकोसं झालेलं असताना ते एक पाहणं मला बरं वाटायचं.

पायल जेवून उठली. मी समोर वाकलेली. तिनं माझ्या हातांकडं पाहिलं, वर्गात पाहते तसंच. मग खाली बसली. शेजारच्याची पत्रावळ मधोमध दुमडली, अंगठा खाली, बोटं वर. मी दुमडत होते अगदी तशीच. आणि वर पाहून म्हणाली,

“मॅडम, असंच ना?”



समोर खुर्चीवर भाऊसाहेब बसले होते. त्यांनी पाहिलं आणि खुशीत आले. “वा मॅडम! शिकवणं कामी आलं म्हना तुमचं. पोरगी तयार झाली.”

आजूबाजूचे हसले. शिक्षकही हसले. बुंदीची बादली धरून उभे असलेले माझे सहकारी.

मी पायलच्या हातातली पत्रावळ काढून घेतली. माझ्या हातातल्या चळतीवर ठेवली. ती सगळी चळत नेली आणि भाऊसाहेबांच्या पायापाशी ठेवली. लोक आता सांगतात फेकली. फेकली नाही. ठेवली.

“भाऊसाहेब, मले शिकवाले ठेवलं तुमी. उष्टं काढाले नाही. आन हे पोरगी तं नाहीच काढनार.”

आवाज फाटका निघाला, पण निघाला. मुख्याध्यापक धावत आले. “भाऊसाहेब, मॅडमची तब्येत बरी नाही, मनावर नका घेऊ.”

“तब्येत बरी नाही हे खरं हाये सर,” मी म्हटलं. “पन हे म्या तब्येतीपायी नाही केलं.”

हात धुतले आणि थेट एसटीचा थांबा गाठला.  शौर्य वगैरे काही वाटलं नाही. भीती वाटली. घरी नवऱ्याला काय सांगू, सही गेली, हेच डोक्यात.

शाळा उघडल्यावर मुख्याध्यापकांनी बोलावलं. “वाड्यावर जा. पाया पडा, माफी मागा. नाहीतर सहीचं विसरून जा.”  माझा तास होता, वर्गावर गेले. पायलची जागा रिकामी होती. दुसऱ्या दिवशीही रिकामी.

मी तिच्या घरी गेले. तिची आई दारात उभी राहिली. बसा म्हणाली नाही.

“पोरगी सांगून राह्यली, मॅडमनं भाऊसाहेबापुढं उष्टं नेऊन ठेवलं. शाळेत असंच शिकवता काय तुमी?”

“हो,” मी म्हटलं. “असंच शिकवतो.”

“मंग उद्या आमाले वावरात कोन बोलावन? सारं वावर त्याह्यचंच हाये.”

  पायल आईच्या मागं उभी होती आणि माझ्याकडं पाहत होती. वर्गात पाहते तशी. आता मी काय करते ते.

मी बरी झाले असं म्हणणार नाही. आवाज अजून बसलेलाच आहे. पुलावर एसटी आली की तो विचार अजून येतो. सतरंज्या प्रयोगशाळेत आहेत आणि प्रस्ताव भाऊसाहेबांकडं पडून आहे. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते.

शाळा सुटली की मी पायलच्या दारी जाते. कधी दार उघडतं, कधी उघडत नाही. मी जात राहीन. भाऊसाहेबांच्या दारी मात्र जाणार नाही. नोकरी गेली तर जाईल. माझं पाहून त्या पोरीनं एकदा उष्टं उचललं आहे. माझं पाहून ती पाया पडायला शिकणार नाही.