'माहीत नाही'चं बटण

माझी मावसबहीण फोनवरून लोकांची मतं विचारायचं काम करते. लहानपणी बडबडीपायी तिने घरात सगळ्यांची बोलणी खाल्ली. आता त्याच जिभेवर तिचं घर चालतं.

मागच्या वर्षी ऑफिसात नवीन काम आलं. दुसऱ्या देशांत संकट आलं की आपण मदत पाठवावी का, हे लोकांना विचारायचं. ती खूश झाली. म्हणाली, एकदाचं विचारण्यासारखं काही मिळालं!

पहिल्याच दिवशी उत्साहावर पाणी पडलं. एकाने विचारलं, "यात मला काय मिळणार?" दुसरा तावातावाने म्हणाला, "अर्धी तिजोरी तिकडेच रिकामी करतात!" अर्धी कसली, चिमूटभर जाते, हे सांगायला हिची जीभ शिवशिवत होती. पण समजावायची मुभा नव्हती. ऐकायचं, बटण दाबायचं, पुढे जायचं.

एका दुपारी एक आजी फोनवर आल्या.

"मत कसलं गं? आमचं गाव पुरात बुडालं, तेव्हा कुठल्याशा लांबच्या देशातून तंबू आले. वरची अक्षरं कुणाला वाचता येईनात. माझी नात त्याच तंबूत जन्मली. त्यांना कळलं असेल का?"

बहिणीने विचारलं, "मग मदत योग्य, असं लिहू?"

"थांब. तंबूंच्याच गाडीतून उंच टाचांचे बूट आले होते. गुडघाभर चिखलात! पाठवण्याआधी विचारायला नको? तेही लिही."

लिहायला जागाच नव्हती. योग्य, अयोग्य, माहीत नाही, एवढीच बटणं. ती साहेबांकडे गेली.

"दोन्ही बाजूंनी बोलतात? मग 'माहीत नाही' दाबा."

"पण साहेब, त्यांनाच तर माहीत आहे!"

"मॅडम, अजून ढीगभर फोन पडलेत."

तिने दातओठ खात बटण दाबलं. पुढे दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्या प्रत्येकासाठी तेच.

पुढे पेपरात मथळा आला, 'परदेशी मदतीबाबत जनता उदासीन'. तिच्या नवऱ्याने चहा पिताना तो मोठ्याने वाचला. "बघ, कुणाला काही पडलेलं नाही."

"उदासीन? तासन्‌तास भांडलेत लोक माझ्याशी!"

"मग छापून असं कसं आलं?"

तिने पेपर ओढून घेतला, आजींचं काही कुठे सापडतं का ते पाहिलं. नव्हतंच. नंबर मशीनच लावतं, त्यामुळे त्यांना पुन्हा फोनही करता येईना. साहेबांकडे तिने दोनदा नंबर मागितला. दोन्ही वेळा त्यांनी नियमावर बोट ठेवलं.

आता ती माझ्याकडे आली की हेच सांगत बसते. मी ऐकते. दुसरं काय करणार?