बिनलेबलाच्या बाटल्या

माझी मावशी सुगंधी तेलं विकते. एवढं सांगितलं की लोक लगेच विचारतात, "गुडघेदुखीवर काही आहे का हो?" मावशीचं उत्तर ठरलेलं आहे. "गुडघ्यासाठी डॉक्टर आहेत. तेलानं गुडघा बरा होत नाही, गुडघेवाला जरा बरा होतो." मी शाळेत गणित शिकवते. जे मोजता येत नाही त्यावर माझा चटकन विश्वास बसत नाही, आणि मावशीच्या धंद्याला मी बरीच वर्षं नाक मुरडत आले. तरी शाळा सुटली की मी तिच्याच दुकानात जाऊन बसते, हेही खरं.

एकोणिसाव्या वर्षी ती साबणाच्या कारखान्यात लागली. काम काय, तर वड्या कागदात गुंडाळायच्या. तिसऱ्या महिन्यात तिने मुकादमाला सांगितलं की आजच्या मालात लिंबू कमी पडलंय. मुकादम म्हणाला, तू तुझं गुंडाळ. संध्याकाळी तपासणीच्या खोलीतूनही लिंबू कमी असल्याचाच निरोप आला, आणि पुढच्या आठवड्यात मावशीची बदली त्या खोलीत झाली. तिथे तिने अकरा वर्षं काढली. लग्न केलं नाही. एकाने मागणी घातली होती, पण त्याने घामावर अत्तर मारलं होतं. "आंघोळ टाळणारा माणूस पुढे काय काय टाळेल," असं म्हणून तिने तो विषय मिटवला.

घरात तिला सगळे 'नाकतोडा' म्हणायचे. तिच्यापुढे कुणाची लपवाछपवी चालायची नाही. एकदा मी शाळा बुडवून सिनेमाला गेले आणि घरी येऊन गृहपाठाचं सोंग घेऊन बसले. मावशी मागून आली, माझं डोकं हुंगलं आणि हळूच म्हणाली, "मध्यंतरापर्यंतच पाहिलास, की पूर्ण?" आईला मात्र तिने सांगितलं नाही. म्हणून ती मला तेव्हापासून आवडते.

तिचं दुकान म्हणजे एक दार, एक टेबल, दोन खुर्च्या आणि तीन फळ्यांवर चाळीसेक तपकिरी बाटल्या. एकाही बाटलीवर लेबल नाही. मी कितीदा म्हटलं, अगं नावं तर लिही. तिचं एकच पालुपद, "लेबल म्हणजे नाकाचा अपमान." गिऱ्हाईक आलं की ती आधी त्याला बसवायची, काय होतंय ते विचारायची. झोप नाही, डोकं जड आहे, पाहुणे गेल्यावर घर खायला उठतं, असलं काहीही. मग कागदाच्या पट्टीवर एक थेंब टाकून पट्टी त्याच्या हातात द्यायची आणि मनात साठ आकडे मोजायला लावायची. माझं म्हणणं, निम्मा गुण त्या साठ आकड्यांचाच असणार. तिला ते मान्य होतं.

गेल्या हिवाळ्यात तिला ताप आला. पंधरा दिवसांनी उठली, दुकान उघडलं, सगळं पूर्वीसारखं चालू झालं. मला तरी तसंच वाटलं. नंतर केव्हातरी एक फळी वाकली म्हणून सुताराला बोलावलं. मावशी बँकेत गेली असताना त्याने फळी बदलली, आणि जाता जाता चांगुलपणा म्हणून सगळ्या बाटल्या उंचीप्रमाणे लावून ठेवल्या. मावशी आली आणि फळ्यांकडे बघत बराच वेळ उभी राहिली. मी म्हटलं, "किती छान दिसतंय." तिने एक बाटली उचलली आणि परत ठेवून दिली.

चार दिवसांनी निवृत्त पोस्टमन आले. त्यांनी झोपेसाठी तेल नेलं होतं. "तेल झकास आहे हो," ते म्हणाले. "नाक इतकं मोकळं झालं, की डोळा लागत नाही. तीन दिवसांत सगळी कपाटं आवरून झाली. आता काय करू?" मला हसू आवरेना. मावशी हसली नाही. पोस्टमन गेल्यावर तिने मला सांगितलं, की महिनाअखेर ती दुकान बंद करणार. गुडघे दुखतात म्हणे. शेजारच्या शिंप्याला जागा हवी होती, रविवारी दुपारी तो होकार न्यायला येणार होता.

शुक्रवारी मी मागच्या खोलीत काहीतरी शोधत होते, तेव्हा माझं कोपर लागून लवंगेच्या तेलाची भरलेली बाटली कलंडली आणि सगळं तेल सांडलं. डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. भिंतीपलीकडून शिंपी रुमाल नाकाला लावून धावत आला. "इथे कुणाचे दात काढताय का?" त्याने विचारलं. मावशी टेबलाशी वर्तमानपत्र वाचत बसली होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, "का? काय झालं?"

शिंपी गेला. मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तापात गेला वास. परत आलाच नाही. डॉक्टर म्हणतात, येईल कदाचित. कदाचित नाही येणार."

"पाच महिने झाले. मला का नाही सांगितलंस?"

"तुला पाढे येईनासे झाले, तर तू वर्गात सांगत सुटशील?" ती म्हणाली. "बाटल्यांच्या जागा पाठ होत्या, थेंब पाठ होते. निभत होतं. त्या सुतारानं सगळं मोडलं. पोस्टमनना मी पुदिना दिला गं. उद्या एखाद्या बाळाच्या आईला काय देईन? मी कुणाला फसवणार नाही."

"बंद करून काय करशील?"

"काय करायचंय? वास नाही तर मी तरी कोण? बाटल्या घेऊन बसलेली एक म्हातारी."

मला तिचा राग आला, आणि तिच्यापेक्षा स्वतःचा जास्त. रोज हाताच्या अंतरावर बसून मला काही कळलं नव्हतं. जगाला गणितं घालणारी मी, आणि घरातली एवढी मोठी वजाबाकी मला दिसली नाही.

रविवारी सकाळी मी लेबलांचा गठ्ठा आणि पेन घेऊन गेले. म्हटलं, नाक माझं, डोकं तुझं. मी हुंगते आणि सांगते, तू ओळख.

"तुझं नाक?" मावशी म्हणाली. "दूध करपलं तरी तू चहा करून पितेस." पण खुर्चीत बसली. म्हणाली, भाचीच्या नाकावर दुकान चालत नसतं, निदान बाटल्या कुणाला द्यायच्या तर नावानिशी देऊ.

पहिली पंधरा मिनिटं वाईट गेली. मी 'छान', 'उग्र', 'बरा' यापलीकडे जाईना. मग मावशी म्हणाली, "विशेषणं सोड. तुला कोण आठवतंय ते सांग."

हे सोपं होतं. पुढच्या बाटलीला मी म्हटलं, "पेन्सिलीला टोक काढतेय. परीक्षा आहे, आणि मला सगळं येतंय."

"देवदार. लिही."

"ही गुलाबासारखी आहे, पण खोटी. भांडणानंतर गोड बोलणाऱ्या आत्यासारखी."

"जिरॅनियम," ती म्हणाली. "आणि तुझ्या आत्याला वास नव्हता, नुसता आवाज होता."

एका बाटलीशी मी अडले. जड, ओलसर, ओळखीचा वास, पण कुठला ते कळेना. "बाबा चिडलेत," एवढंच मला सांगता आलं.

मावशीने विचार केला. "तुझे बाबा चिडले की काय करायचे?"

"मागे जाऊन गवत उपटत बसायचे. मुळासकट."

"मग वाळा आहे तो. मुळांचंच तेल असतं." तिने बाटली घेतली, एक थेंब बोटांत चोळून बघितला. "दाटही आहे. वाळाच."

असं आमचं चाललं होतं. मध्येच दोघी हसत सुटत होतो. मला आठवत नव्हती अशी माणसं बाटल्यांतून बाहेर येत होती, आणि मावशी त्यांना एकेक करून लेबल लावत होती. दोन बाटल्यांवर आमचं एकमत होईना. त्यांवर तिने 'माहीत नाही' असं लिहायला लावलं. बारा वाजत आले, तशी ती दाराकडे बघू लागली आणि तिचं हसणं कमी झालं.

शेवटी खालच्या फळीवर मागे सरकलेली एक बुटकी बाटली राहिली. झाकण काढलं आणि बाटली माझ्या नाकापाशीच राहिली. मी सहा वर्षांची होते. धाकट्या भावाच्या वेळी आई तीन आठवडे दवाखान्यात होती, आणि मी मावशीच्या घरी, तिच्या दंडावर डोकं ठेवून झोपत होते. आई परत येणार नाही अशी माझी खात्री झाली होती, आणि ती बाही नाकाशी धरली की भीती कमी व्हायची.

"काय आहे?" मावशीने विचारलं. "कोण आठवतंय?"

"तू," मी म्हटलं. "हा तुझा वास आहे."

तिने बाटली हातात घेऊन उलटसुलट केली. "ही तर उरलंसुरलं ओतायची बाटली. ड्रॉपरमध्ये राहिलेले थेंब फेकवत नाहीत, म्हणून यात टाकत आले. मिश्रण म्हणून काही नाहीच हे." मग थांबून म्हणाली, "तेच हातांना, कपड्यांना लागत असणार." तिने बाटली नाकाशी नेली, डोळे मिटले. मी मनात साठपर्यंत मोजलं. तिने डोळे उघडले आणि नकारार्थी मान हलवली.

"कसा आहे गं?" तिने विचारलं. "मला माझा वास कधी कळलाच नाही. नाक होतं तेव्हाही नाही."

सकाळपासून एवढं सांगत आले होते, आणि आता मला एक शब्द सुचेना. "तो आला की मला झोप लागायची," एवढंच मी म्हटलं, आणि मला रडू आलं. मावशीने मला जवळ घेतलं. मी तिची बाही हुंगली. तोच वास होता, तसाच, पूर्ण.

"अजून आहे?" तिने विचारलं.

"आहे."

दारावर टकटक झाली. शिंपी गळ्यात टेप अडकवून आला होता, भिंती मोजायच्या तयारीने. मावशीने पदराने डोळे पुसले आणि उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"जागा नाही मिळायची," ती म्हणाली. "एक सांगते, ते गिऱ्हाइकांनाही सांगत जा, म्हणजे मला दहा वेळा बोलायला नको. पाच महिने झाले, मला वास येत नाही." मग माझ्याकडे हात करून म्हणाली, "पण माझा येतो, असं ही म्हणते. तेवढ्यावर दुकान चालवून बघते."