काकांचा रिमोट आणि राहून गेलेलं पान

आमच्या समोरच्या घरातल्या काकांनी जेवढे फोटो काढले तेवढे सगळ्या घाटकोपरात दुसऱ्या कोणी काढले नसतील, आणि त्यातल्या ज्या फोटोंत ते स्वतः होते त्यांत त्यांची फक्त पाठ दिसायची. मी वाढवून सांगते आहे असं वाटेल. पण आमच्या पुनर्वसनाच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर कोणाच्याही घरी जा आणि बारशाचा, साखरपुड्याचा, सत्यनारायणाचा फोटो दाखवायला सांगा. त्यात कडेला एक पांढरा शर्ट धावताना सापडेलच. ते काका. कॅमेऱ्याला दहा सेकंदांचा टायमर लावून ते माणसांत येऊन उभं राहायला धावायचे, आणि गुडघा दुखरा असल्यामुळे अकराव्या सेकंदाला पोचायचे. एका बारशात तर ते धावता धावता पाळण्याला धडकले. त्या फोटोत सगळी मोठी माणसं घाबरून पाळण्याकडे बघताहेत आणि एकटं बाळ कॅमेऱ्याकडे बघून हसतंय. काकांच्या मते तो त्यांच्या हातून निघालेला सगळ्यात चांगला फोटो.

काका मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, काका स्वतः एका कारखान्यात फिटर. आमच्याशी ते पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायचे, मालवणी फक्त काकूंशी. निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे दोनच गोष्टी उरल्या होत्या. एक म्हणजे पुतण्यानं वापरून दिलेला डिजिटल कॅमेरा, आणि दुसरी, कुठलंही यंत्र त्याच्या माहितीपुस्तकात लिहिल्याप्रमाणेच चालवायचं ही सवय. नवा मिक्सर आला तेव्हा ते चष्मा लावून पुस्तक वाचत बसले, आणि ते तिसऱ्या पानावर पोचेपर्यंत काकू पाट्यावर चटणी वाटून मोकळ्या झाल्या.

मी बारावीत होते तेव्हा पुतण्यानं त्यांना कॅमेऱ्याचा रिमोट आणून दिला. काळा, काडेपेटीहून लहान, त्यावर एकच कळ. वायर नाही, काही नाही. आधी कॅमेरा रिमोटवर टाकायचा, मग माणसांत जाऊन उभं राहायचं, रिमोट कॅमेऱ्याकडे रोखून कळ दाबायची, कॅमेऱ्यावर लाल दिवा लागतो, आणि दोन सेकंदांनी फोटो निघतो. काकांचं धावणं संपलं. त्या दिवशी ते मजल्यावरच्या प्रत्येक दारात जाऊन तो रिमोट तळहातावर ठेवून दाखवत होते, आणि कोणी हात लावायला गेलं की मूठ मिटत होते. काकूंनी त्याला रेक्झिनच्या तुकड्याची पिशवी शिवून दिली. बॅटरी उगाच उतरू नये म्हणून काका ती प्रत्येक फोटोनंतर काढून हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवायचे. त्यामुळे रिमोटला कायम हिंगाचा वास यायचा, आणि तो ज्याच्या हातात जाई त्याच्या बोटांनाही.

कारण फोटोच्या वेळी तो काकांच्या हातात कधीच नसायचा. त्यांचा नियम होता की कळ फोटोतल्या दुसऱ्या कोणीतरी दाबायची, आणि तेही घरात ज्याला कोणी काही विचारत नाही त्यानं. लग्नाच्या घरात नवऱ्या मुलाचा बाप हात पुढे करून उभा असताना काका त्याला ओलांडून मागे भिंतीला टेकलेल्या म्हाताऱ्या आत्याच्या हातात रिमोट द्यायचे. "दिवा लागला की हात खाली घ्या, दोन सेकंदं आपली आहेत," असं ते प्रत्येकाला तीनतीनदा बजावायचे. पण आमच्याकडे रिमोट म्हणजे टीव्हीचा. दिवा लागला तरी हात खाली घ्यायचं कोणाला सुचत नसे. म्हणून आमच्या मजल्यावरच्या सगळ्या फोटोंत एक माणूस हात लांब करून चॅनल बदलत असतो. माझ्या बारावीच्या निकालाच्या फोटोत मी पेढ्याचा पुडा धरून उभी आहे, बाबा पवईच्या ऑफिसच्या हाऊसकीपिंगच्या गणवेशात आहेत, आणि आई मालिकेतल्या एखाद्या सासूचं तोंड बंद करावं तशी रिमोट रोखून उभी आहे. आईला तो फोटो आवडत नाही. मला फार आवडतो. त्यात ती कधी नव्हे ती हुकूम सोडणारी दिसते.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. दहावीपर्यंत मराठी शाळा. कॉलेजात सर इंग्रजीत भराभर बोलतात तेव्हा मला अर्धं समजतं, आणि कोणी "समजलं ना?" विचारलं की मी सगळ्यांत आधी मान हलवते. ही सवय मला कधी लागली ते आठवत नाही. पण काकांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांच्या लेखी मी कॉलेजात जाते म्हणजे मला इंग्रजी येतं. कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक जाडजूड इंग्रजी होतं. काकांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "तू वाच, मराठीत सांग, मी लिहून घेतो."

तीन रविवार आम्ही ते पुस्तक वाचलं. काका शंभर पानी वही घेऊन समोर बसायचे, पेनचं टोपण काढून. मी सांगेन ते वाक्य ते वळणदार अक्षरात लिहायचे, पानाचा आकडा टाकून. मधे काकू चहा आणून ठेवायच्या आणि माझ्याकडे बोट करून काकांना म्हणायच्या, "चेडवाची परीक्षा चलली हा काय? का तुमची?"

सदतिसाव्या पानावर मी अडले. रिमोटचंच पान होतं. वर एक मोठं वाक्य, खाली तक्ता, तक्त्यात मिनिटं. दोनदा वाचलं. कॅमेरा कशाची तरी वाट बघतो, एवढाच अर्थ लागला. काका पेन धरून थांबले होते. मला 'समजत नाही' असं म्हणता आलं असतं. ते रागावले नसते. पण मी म्हटलं, "हे आपल्याला लागत नाही, काका. दुसऱ्या मॉडेलचं आहे."

"बरं," काका म्हणाले, आणि त्यांनी वहीत लिहिलं, 'पान ३७. लागू नाही.'

सगळ्या मजल्याचे फोटो झाले, काकूंचा मात्र होईना. त्या फोटोला उभ्याच राहायच्या नाहीत. काकांनी विनवलं, चिडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. काकूंचं एकच उत्तर. "माझो फोटो कित्याक? मी खय जातंय, घरातच असतंय." त्यांच्या लग्नाचे फोटो गावच्या घरात वाळवीनं खाल्ले होते. म्हणजे दोघांचा एकत्र असा एकही फोटो नव्हता. काकांनी ठरवलं होतं की तो एक फोटो निघेल तेव्हा कळ काकूच दाबतील. "तिच्या हातचा हवा," ते मला म्हणाले होते. "तिच्या मनात असेल तेव्हा."

गेल्या वर्षी काकूंच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात भरती व्हायच्या दिवशी दुपारी त्या आपण होऊन म्हणाल्या, "काढा एकदाचो. नायतर थय पण कॅमेरो घेऊन येशात."

काकांची धांदल बघण्यासारखी होती. आमच्या मजल्याच्या पॅसेजला टोकाशी सिमेंटची जाळी आहे, तिथून चारनंतर तिरपं ऊन येतं. तिथे त्यांनी बाक ओढला, स्टँड लावला, पांढरा शर्ट घातला. कॅमेरा रिमोटवर टाकला आणि बाकाच्या एका बाजूला बसून राहिले. मीही दारात उभी होते. काकू आत तयार होत होत्या. हिरवी साडी काढली, मग ती नको म्हणून दुसरी काढली.

"झाला काय गो?" काकांनी हाक मारली.

"येतंय ओ. इतकी वर्षां थांबलात, आता जरा थांबा."

चांगली पंधरा मिनिटं गेली. काकू आल्या तेव्हा केसांत अबोलीचा गजरा होता. त्या काकांच्या शेजारी बसल्या, रिमोट हातात घेतला, नाकाला लावला आणि म्हणाल्या, "ह्याका तर फोडणीचो वास." मग कॅमेऱ्याकडे बघितलं आणि कळ दाबली.

दिवा लागला नाही.

पुन्हा दाबली. काका म्हणाले, हात सरळ धर. काकूंनी धरला. काका म्हणाले, तुझ्या हातात जोर नाय. काकू म्हणाल्या, जोर तुमच्या त्या डबड्यात नाय. बॅटरी काढून पुसली, पुन्हा घातली. हिंगाच्या डबीतली दुसरी घातली. काही नाही. मी म्हटलं, "काका, मी हातानं काढते." माझ्या खिशात मोबाईलही होता. काका म्हणाले, "थांब पोरी, होईल सुरू, पुस्तकाप्रमाणे सगळं बरोबर आहे." मी थांबले. खाली पुतण्या गाडी घेऊन आला होता, तो हॉर्न वाजवत होता. काकूंना बसवत नव्हतं.

"ऱ्हवांदे," त्या म्हणाल्या. "इल्यावर काढूया."

त्या परत आल्या नाहीत. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी गेल्या. काकांच्या घरात भिंतीवर आता त्यांचा जो फोटो आहे तो आधार कार्डावरून मोठा केलेला आहे. त्यात त्या समोर कोणीतरी ओरडत असल्यासारख्या बघतात. त्या तशा मुळीच नव्हत्या.

काकांनी स्टँड मिटून कपाटावर टाकला. मजल्यावर दोन साखरपुडे झाले, पण त्यांना कोणी बोलावलं नाही, आणि तेही गेले नाहीत. मला ती बंद पडलेली कळ डाचत होती. शेवटी एकदा काका घराची किल्ली आमच्याकडे ठेवून बाजारात गेले असताना मी त्यांच्या टेबलावरून ते माहितीपुस्तक घरी आणलं आणि मोबाईलवर शब्द शोधत सदतिसावं पान वाचलं. सोपं होतं. कॅमेरा रिमोटवर टाकला की तो एक मिनिट वाट बघतो. मिनिटात कळ दाबली नाही तर तो रिमोटचं ऐकणं सोडून देतो, पुन्हा लावावं लागतं. वाट बघण्याची वेळ वाढवता येते. तक्त्यात होतं, एक, पाच, दहा, पंधरा मिनिटं.

हे सांगायला मला तीन आठवडे लागले. मी पुस्तक घेऊन गेले, ते पान उघडून समोर ठेवलं आणि म्हटलं, "काका, हे आपल्याच मॉडेलचं होतं. मला तेव्हा समजलं नव्हतं, आणि मी तसं सांगितलं नाही." मग एक मिनिटाचं सांगितलं.

काकांनी वही काढली. 'लागू नाही' हे स्वतःचं अक्षर ते बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं आता ते मला जायला सांगतील. मग ते हळू म्हणाले, "एका मिनिटात? तुझी काकू? चाळीस वर्षांत ती एका मिनिटात कधी तयार झाली नाही." हसू आल्यासारखं त्यांचं तोंड झालं, पण ते हसू नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, 'लागू नाही' वर एक रेघ मारली आणि पेन धरून म्हणाले, "हं. आता सांग नीट. काय लिहिलंय?"

मी सांगितलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं, तक्त्यासकट. मग आम्ही कॅमेरा काढला आणि वाट बघण्याची वेळ पंधरा मिनिटांवर नेली.

आता रविवारी चारनंतर जाळीतून ऊन आलं की काका पॅसेजमध्ये बाक ओढतात. पांढरा शर्ट घालतात, कॅमेरा रिमोटवर टाकतात, आणि बाकाच्या एका बाजूला बसतात. रिमोट शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवलेला असतो. येणारीजाणारी माणसं कडेनं जातात, कोणी मधे येत नाही. मी कॉलेजचं पुस्तक घेऊन आमच्या उंबऱ्यावर बसते. एकदाच, बराच वेळ झाल्यावर, त्यांनी उघड्या दाराकडे मान वळवली आणि अगदी हळू विचारलं, "झाला काय गो?"

पंधरा मिनिटं संपली की कॅमेरा आपला आपण थांबतो. काका रिमोटमधली बॅटरी काढतात, हिंगाच्या डबीत ठेवतात आणि झाकण घट्ट लावतात.