नळदुर्गच्या दरवाज्यावरची ड्यूटी

पासष्टच्या लढाईआधी दोनेक वर्षांची गोष्ट. मी तेव्हा हवालदार. लान्सनायक दस्तगीर माझ्याच सेक्शनमधला. दोघेही एकदमच रजेवर आलो होतो. तो बेंबळीला, मी तुळजापूरला. दर रविवारी मी गावातल्या चार शिक्षकांना कुठंतरी पायी हिंडवत असे. त्यांच्या लेखी ती सहल, माझ्या लेखी पेट्रोलिंग.

त्या रविवारी नळदुर्ग ठरला. दस्तगीरची रजा त्याच दिवशी संपत होती. पाचच्या एस.टी.नं सोलापूर आणि तिथून रात्रीची गाडी. ती चुकली तर दंडावरची लान्सनायकाची नवी कोरी फीत जाणार होती. तरी म्हणाला, "किल्ला कधी बघितला न्हाय उस्ताद. तेवढा बघूनच जातो."

तेरा वाजता, म्हणजे शिक्षकांच्या भाषेत दुपारी एकला, मोठ्या दरवाज्यात फॉल-इन. तिथं माकडं फार. भाकरीची गाठोडी कुणाच्या भरवशावर सोडायची?

"दस्तगीर, मी येऊन ड्यूटी बदलेपर्यंत हलायचं नाही. तासाभरात येतो, मग तू बघ."

"जी."

आम्ही उपळ्या बुरुजावर चढलो. पाणीमहालाच्या खिडकीत बसलो. समोरच धबधबा कोसळत होता. कुणी उठायला तयार होईना. मग एका गुराख्यानं नदीकाठची जवळची वाट सांगितली आणि मी, दहा वर्षं नकाशे वाचलेला माणूस, सगळ्यांना मागच्या मागं घेऊन थेट एस.टी. स्टँडवर उतरलो.

साडेचारला गणिताचे गुरुजी म्हणाले, "हवालदारसाहेब, आता भाकरी सोडू या की."

भाकरी दस्तगीरपाशी होती. तसाच पळत सुटलो.

दस्तगीर दरवाज्यात ताठ उभा होता. पायाशी गाठोडी, समोर माकडांची रांग. तीही कंटाळलेली दिसत होती.

"अरे चल, एस.टी. जाईल!"

"ड्यूटी बदलली न्हाय, उस्ताद."

मला इतकी धाप लागली होती की शब्द फुटेना. तो शांतपणे वाट बघत राहिला. शेवटी कसंबसं म्हणालो, "लान्सनायक दस्तगीर, ड्यूटी बदली." त्यावर गाठोडी खांद्याला मारून तो असा पळाला की मीच मागं पडलो.

"काही खाल्लंस का रे?"

"ड्यूटीवर कोण खातंय व्हय?"

"आणि किल्ला?"

"फुडच्या रजेला."

पाच वीस झाले होते, तरी एस.टी. उभीच. कंडक्टर गुरुजींचा जुना विद्यार्थी निघाला होता. गुरुजी पायरीवर आडवे बसून त्याच्याकडून एकोणतिसाचा पाढा म्हणवून घेत होते. तो सातव्या घरात अडकला होता आणि उतारू त्याला चुकीचे आकडे पुरवत होते. दस्तगीर चढला, तशी गुरुजींनी कंडक्टरला पास केलं.

फीत वाचली. पासष्टात त्याला एका टेकडीवर पोस्ट मिळाली. रिलीफ, म्हणजे बदली तुकडी, येईपर्यंत धरायची. रिलीफ पार्टी घेऊन मीच गेलो. सहाला पोहोचायचं होतं, साडेसात झाले. तो पोस्टवरच होता, जिथं ठेवला होता तिथं; अंग थंड पडलं होतं. मी त्याच्याजवळ बसलो आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "लान्सनायक दस्तगीर, ड्यूटी बदली." त्या वेळी धाप नव्हती, तरी शब्द लवकर फुटले नाहीत.

नळदुर्गला मी अजून जातो. पाणीमहालाच्या खिडकीत मात्र बसवत नाही. त्याचा किल्ला बघायचा राहिला, आणि तो माझ्यामुळं राहिला.